युरोपच्या पर्यावरण नियमांचा खर्च-फायदा मांडताय? मग या चुका टाळा

२०२६ च्या सुरुवातीला आमच्या ऑफिसात एक एक्सेल शीट फिरत होती. आमचं युनिट छोटं, भोसरीत, नट-बोल्ट बनवतो आणि त्यातला काही माल जर्मनीला जातो. शीटमध्ये 'सीबॅम' (युरोपात जाणाऱ्या मालावरचा कार्बन आकार) नावाचा नवा कॉलम आणि त्याखाली आकडा, टनामागे ४.१३ युरो. साहेब खूश, म्हणाले एवढंच? मग पेपरवाले कशाला बोंबलतायत. आठवड्याने बायरने, म्हणजे तिकडच्या खरेदीदाराने, त्याची शीट पाठवली, तिच्यात त्याच कॉलमला साठच्या वरचा आकडा. आमचं चुकलं होतं, आणि चुकलं ते गुणाकारात नाही, कशाला कशाने गुणायचं यातच चुकलं होतं. तेव्हापासून हा विषय वाचतोय आणि लक्षात आलंय की या चुका आम्हीच नाही, टीव्हीवर बोलणारे तज्ज्ञही करतात. म्हणून लिहून काढतोय.

आधी दोन ओळीत, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून कार्बनचा बाजार आहे, ईटीएस म्हणतात. वीजकेंद्रं, स्टील, सिमेंट, खतं वगैरे कारखान्यांना जेवढा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तेवढे परवाने जमा करावे लागतात. पण स्टील-सिमेंटवाल्यांना बरेचसे परवाने फुकट मिळत आलेत, कारण सरकारांना भीती की नाहीतर कारखाने उठून बाहेर जातील. आता हे फुकटचे परवाने हळूहळू बंद होतायत आणि त्याच प्रमाणात बाहेरून येणाऱ्या मालावर तसाच आकार लागतोय, तो सीबॅम. ऑक्टोबर २०२३ पासून नुसते रिपोर्ट होते, १ जानेवारी २०२६ पासून खरे पैसे.

चूक पहिली: "यंदा फक्त अडीच टक्केच लागतं"

आमची चूक हीच. २०२६ मध्ये फुकट परवान्यांपैकी २.५% कापले जातात हे खरं, पण म्हणजे तुमच्या उत्सर्जनाच्या अडीच टक्क्यांवर पैसे असं नाही. युरोपातल्या कारखान्याला फुकट परवाने मिळतात ते एका बेंचमार्कनुसार, म्हणजे चांगल्या कारखान्याचं उत्सर्जन धरून. तुमच्या मालाला वजावट मिळते ती त्या बेंचमार्कच्या ९७.५% एवढी. बेंचमार्कच्या वर जेवढं आहे ते सगळं पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने.

समजा तुमच्या एका टन मालामागे २.२ टन उत्सर्जन आहे, बेंचमार्क १.४ धरा आणि परवान्याचा भाव ७५ युरो (हे समजायला घेतलेले गोल आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील). आमचा हिशोब होता २.२ गुणिले अडीच टक्के गुणिले ७५, म्हणून ४.१३. खरा हिशोब, १.४ च्या ९७.५% म्हणजे १.३६५, ते २.२ मधून वजा, राहिले ०.८३५, गुणिले ७५, म्हणजे सुमारे ६२ युरो ६० सेंट. पंधरापट फरक. आणि उलटी चूक करणारेही आहेत, ते थेट २.२ गुणिले ७५ करून १६५ युरो लावतात आणि ऑर्डर घालवून बसतात. १६५ हा आकडा खरा होईल तो २०३४ ला, जेव्हा फुकट परवाने शून्यावर येतील, आणि तेव्हाही भाव ७५ च असेल तर.

तुमचा आणि बायरचा आकडा जुळत नसेल तर पहिल्यांदा इथेच बघा, दहातल्या सात वेळा घोळ इथेच सापडेल.

चूक दुसरी: सोलर लावलं की सुटलो

हे ऐकून वाईट वाटतं कारण लोकांनी त्यासाठी कर्जं काढलीत. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत सीबॅम सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजतो, म्हणजे भट्टीत जे जळतं ते. विजेतून येणारं अप्रत्यक्ष उत्सर्जन सिमेंट आणि खतांसाठी मोजतात, स्टीलसाठी नाही. म्हणजे छतावरच्या पॅनेलने तुमचं वीजबिल कमी होईल, छानच आहे, पण सीबॅमचा आकडा एक पैशानेही हलणार नाही.

याचीच दुसरी बाजू जालन्याकडची. तिथे इंडक्शन फर्नेसवर काम चालतं, भट्टी विजेवर, भंगारावर शून्य उत्सर्जन धरतात, म्हणजे नुसत्या भंगारावर चालणाऱ्याचा आकडा कागदावर अगदी कमी येतो. पण चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, कोळशावर बनलेला स्पंज आयर्न (खनिजापासून बनवलेलं कच्चं लोखंड) पडला की त्याचं उत्सर्जन सगळं तुमच्या मालाला चिकटतं.

चूक तिसरी: स्वतःच्या शेडमध्येच कार्बन शोधणं

बोल्ट बनवताना आम्ही करतो काय, वायर रॉड (स्टीलची जाड तार) आणतो, ओढतो, हेडिंग, थ्रेड रोलिंग, हीट ट्रीटमेंट. यात गॅस जळतो तो थोडा. खरा भार वायर रॉडच्या पोटात आहे, ब्लास्ट फर्नेसमधून, म्हणजे कोळशावरच्या मोठ्या भट्टीतून आलेला. आणि एक टन बोल्टसाठी जर १.१ टन वायर रॉड लागत असेल तर १.१ टनाचं उत्सर्जन धरायचं, कटिंगचं भंगार विकून पैसे आले तरी. वाया जाणारा माल कमी करणं हे आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात स्वस्त 'क्लायमेट ॲक्शन' आहे, यावर कुणी सेमिनार घेत नाही.

मग वायर रॉड बनवणाऱ्या मिलचा आकडा पाहिजे. आणि माल घेतलेला असतो डीलरकडून, तो म्हणतो एमटीसी, म्हणजे मिल टेस्ट सर्टिफिकेट, दिलंय ना. आमच्याकडच्या एका पोराने खरंच मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा 'कार्बन ०.१८' हा आकडा उचलून उत्सर्जनाच्या रकान्यात टाकला होता! तो स्टीलमधला कार्बन आहे रे बाबा, चिमणीतला नाही. आता हसतो, पण ती शीट बायरपर्यंत जाऊन आली होती.

मिलचा आकडा नाहीच मिळाला तर युरोपियन कमिशनने ठरवलेले डिफॉल्ट आकडे लागतात आणि त्यावर स्टीलसाठी वाढ, २०२६ ला १०%, २०२७ ला २०%, २०२८ पासून ३०%. म्हणजे आळस दरवर्षी महाग होत जाणार. आणि स्वतःचा आकडा दिला तर तो मान्यताप्राप्त व्हेरिफायरकडून तपासलेला लागतो, सीएचा शिक्का चालत नाही.

छोट्या छोट्या, पण महाग पडणाऱ्या

"आमचा माल वर्षाला ३० टन, ५० टनाच्या आत, आम्हाला लागू नाही." ५० टनाची मर्यादा तुमची नाही, युरोपातल्या आयातदाराची आहे, त्याचा सगळ्या पुरवठादारांकडून आलेला सीबॅमवाला माल मिळून. तुम्ही ३० देता, एखादा तुर्की ४० देतो, झाला तो ५० च्या वर.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा नंबर, न बघणं. ७३१८ म्हणजे स्क्रू-बोल्ट सीबॅमच्या यादीत आहेत, ७३२६ (लोखंड-स्टीलच्या इतर वस्तू) आहे, पण ७३२५, म्हणजे लोखंडी कास्टिंग, मूळ यादीत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतला एखादा फाउंड्रीवाला उगाच घाबरलेला असतो आणि भोसरीचा फास्टनरवाला निवांत, असं उलटं चित्र असतं. कमिशनने २०२५ च्या डिसेंबरमध्ये यादी स्टीलपासून पुढे बनणाऱ्या मालापर्यंत वाढवायचा प्रस्ताव ठेवलाय, त्यामुळे फाउंड्रीवाल्यांनी अगदीच पाय पसरून झोपू नये.

इथला जीएसटी किंवा वीजबिलातले आकार 'आम्ही कार्बन टॅक्स भरतो' म्हणून दाखवणं. वजावट मिळते ती ग्रीनहाउस वायूंवर आकारलेल्या आणि प्रत्यक्ष भरलेल्या किमतीची, परतावा मिळाला असेल तर तो वजा करून.

आता मोठी चूक: सगळा दोष पर्यावरणाच्या माथी

कुठलाही युरोपियन कारखाना बंद झाला की व्हॉट्सॲपवर येतं, बघा, हिरव्या धोरणाने उद्योग संपवला. थोडं थांबा. युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्रागींचा २०२४ चा अहवाल युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा आहे, पर्यावरणवाल्यांनी लिहिलेला नाही, त्यात स्पष्ट आहे की युरोपियन कंपन्यांना अमेरिकेच्या तुलनेत वीज २ ते ३ पट आणि नैसर्गिक गॅस ४ ते ५ पट महाग पडतो. त्यातला मोठा धक्का रशियाचा गॅस आटल्याचा, २०२२ चा. बीएएसएफ या जर्मन केमिकल कंपनीने २०२३ मध्ये लुडविगशाफेनमधला एक अमोनिया प्लांट बंद करायचं जाहीर केलं, अमोनिया तिथे नैसर्गिक गॅसपासून बनतो, तेव्हा कारण शोधायला लांब जायला नको. कंपनीने नियमांच्या ओझ्याबद्दलही तक्रार केली, तीही पूर्ण खोटी नाही, पण दोन्ही एकाच कॉलममध्ये टाकले की धोरणाचा खर्च फुगून दिसतो.

आर्सेलरमित्तल या स्टील कंपनीचं उदाहरण तर अजून बोलकं. जर्मनीत ब्रेमेन आणि आयझेनह्यूटेनश्टाटला कोळशाऐवजी हायड्रोजनवर जायचं होतं, सरकार १.३ अब्ज युरो द्यायला तयार, आणि २०२५ च्या जूनमध्ये कंपनी म्हणाली नको. म्हणजे अनुदान मिळालं तरी पुढची रोजची वीज आणि हायड्रोजन परवडत नसेल तर भट्टी बदलून उपयोग काय. आमच्याकडे नवीन मशीन अर्ध्या किमतीत मिळालं पण त्याला लागणारं टूलिंग दुप्पट महाग, असं झाल्यासारखं.

उलट बाजूची चूक पण होते, आकडा छोटा दाखवायची. ईटीएसवर २००५ ते २०१२ या काळाचा एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की उत्सर्जन सुमारे १०% घटलं आणि कंपन्यांच्या नफ्यावर किंवा नोकऱ्यांवर वाईट परिणाम दिसला नाही. हे लोक झेंड्यासारखं मिरवतात. पण त्या काळात परवाने बहुतेक फुकट होते आणि भाव मिळमिळीत, २००७ ला तर पहिल्या टप्प्याचे परवाने जवळजवळ शून्याला आले होते कारण वाटलेच होते जास्त. शिवाय वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमतसुद्धा ग्राहकाच्या बिलात लावली, म्हणजे काहींना नियमातून चक्क नफा झाला. तोच भाव फेब्रुवारी २०२३ ला १०० युरोच्या वर गेला. स्वस्त परवान्यांच्या काळातला निष्कर्ष शंभर युरोच्या काळाला लावायचा नसतो, कुठलाही खरेदी विभागातला माणूस हे सांगेल.

आणि युरोपातला जो माझ्यासारखा आहे, म्हणजे स्टील विकत घेऊन त्याचे पार्ट बनवणारा, त्याचं काय? त्याला स्टील महाग मिळणार, पण बाहेरून तयार मशीनचा पार्ट आला तर त्यावर सध्या सीबॅम नाही, आणि तो स्वतः युरोपबाहेर विकायला गेला तर परतावा नाही. सीबॅमने स्टीलवाला वाचतो, पुढचा भरडला जातो. यादी वाढवायचा प्रस्ताव आला तो याचसाठी.

फायदा कुठे शोधायचा

फायद्याचा कॉलम रिकामा राहतो याचं कारण तो दुसऱ्याच्या वहीत असतो. मला आवडणारं उदाहरण जिप्समचं. १९८० च्या आसपास जर्मनीत जंगलं वाळायला लागली, आम्लवर्षावामुळे, लोक खवळले, आणि १९८३ ला नियम आला की मोठ्या वीजकेंद्रांनी धुरातलं सल्फर काढायचं. वीज कंपन्यांच्या दृष्टीने हा निव्वळ खर्च. धुरावर चुनखडीचा गाळ मारायचा, सल्फर डायऑक्साइड त्याला चिकटतो आणि खाली पडतं ते जिप्सम. आधी प्रश्न पडला हे टाकायचं कुठे. मग प्लास्टरबोर्डवाल्यांनी ते उचलायला सुरुवात केली, त्यांना खाण खणायची गरज कमी झाली, आणि होता होता जर्मनीची जिप्समची गरज सुमारे निम्मी या धुराच्या चाळणीतून भागायला लागली. आता गंमत बघा, कोळशाची केंद्रं बंद होतायत, उशिरात उशिरा २०३८ पर्यंत, आणि जिप्समवाले ओरडतायत की आमचा कच्चा माल गेला!

या गोष्टीत वीजकेंद्राच्या ताळेबंदात काय दिसणार? फक्त स्क्रबरचा, म्हणजे धूर धुणाऱ्या यंत्रणेचा खर्च. प्लास्टरबोर्डवाल्याचा फायदा त्याच्याकडे, स्क्रबर बनवणाऱ्याची ऑर्डर त्याच्याकडे, वाचलेल्या फुफ्फुसांचा हिशोब तर आरोग्य खात्याकडे सुद्धा नीट नाही. म्हणून कुणी 'उद्योगाला काय पडलं' विचारलं की आधी विचारा, कुठल्या उद्योगाला.

आणि हो, परवान्यांच्या लिलावाचे पैसे हवेत जात नाहीत. २०२३ मध्ये ईटीएसमधून ४३ अब्ज युरोच्या वर जमा झाले, बराचसा भाग देशांच्या तिजोरीत आणि काही इनोव्हेशन फंडामार्फत परत उद्योगातच. ज्याने भरले त्यालाच मिळतील असं मात्र नाही, आणि खरी कुरकुर तिथेच आहे. वीजकेंद्रं आणि उद्योगांचं उत्सर्जन २००५ पेक्षा २०२३ पर्यंत सुमारे ४७% खाली आलं, त्यातलं बरंचसं विजेत, कारखान्यांत त्या मानाने कमी. हे दोन एकत्र करून 'उद्योगाने निम्मं कमी केलं' असं लिहिणं हीपण एक चूकच.

आमचं पुढे काय झालं विचाराल, तर साहेबांनी वायर रॉडच्या तीन मिलना मेल टाकलेत उत्सर्जनाच्या आकड्यासाठी. एकीचं उत्तर आलं, नीट व्हेरिफाइड आकड्यासकट, दुसरी म्हणते 'अंडर प्रोसेस', तिसरीने एमटीसीच परत पाठवलंय.