पांढरीत जुनं हाड निघालं तर काय करायचं
तेर, पैठण, भोकरदनकडं पांढरीची, म्हंजे जुन्या गावठाणाच्या टेकाडाची, माती काढताना खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघतातच, पण हाड दिसलं की हात लावू नका. आधी जागेवरच फोटो घ्या, शेजारी पेन ठेवा म्हंजे साइज कळते, आन किती फूट खोल होतं ते लिहून ठेवा, कारण थरावरूनच काळ कळतो, नुसतं उचलून आणलेलं खापर मुकं होतं. हाड धुवायचं तर अजिबात नाही, आपला डीएनए त्याला लागतो, आन या उन्हात जुना डीएनए आधीच लई कमी टिकतो. हरियाणातल्या राखीगढीला, हडप्पा काळातल्या जुन्या गावाला, साठच्या वर नमुने तपासले तवा कुठं एका बाईचा जीनोम, म्हंजे डीएनएचा आराखडा, हाती लागला, २०१९ ला छापून आलं ते. मग लगेच तहसीलला नाहीतर पुरातत्त्व विभागाला कळवा. नाणी निघाली तर सोनाराकडं नेऊ नका, गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं.