भोक बुजवू नका, जाळीनं मढवा: परसातल्या खुराड्यासाठी

कुणी खुराडं बघायला बोलावलं की मी पहाटेच जाते, कोंबड्या बाहेर सोडायच्या आधी. रात्रभर आत कोंडलेली हवा तेव्हाच कळते. दार उघडायचं, गुडघे टेकायचे, डोकं दांडीवरच्या कोंबडीच्या उंचीला न्यायचं आणि एक दीर्घ श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले, नाक झोंबलं, तर बाकी काही बघायच्या आधी तिथे वाट हवेला करून द्यायला हवी. हा वास रोज घेणाऱ्याचं नाक त्याला सरावतं, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाकून बघायला सांगा.

तो वास अमोनियाचा. कोंबडीच्या शिटेत जवळपास पाऊण हिस्सा पाणीच असतं. उरलेल्यातल्या युरिक ॲसिडला ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २५ भाग झाले की श्वासनलिकेतली बारीक लव निकामी होऊ लागते. धूळ आणि जंतू बाहेर ढकलायचं काम त्या लवेचं. ती गेली की घरघर, शिंका, चिकटलेले डोळे सुरू होतात आणि माणूस औषधं शोधत बसतो.

अशी कोंदट खुराडी बहुतेक वेळा भीतीतून तयार होतात. मुंगसानं एक कोंबडी नेली की मालक फट न् फट बुजवतो, फळ्या ठोकतो, वर ताडपत्री ओढतो. ती भीती मला पुरेपूर कळते. पण बंद खोक्यातल्या कोंबड्या हळूहळू आजारी पडतात, तेही नुकसानच. म्हणून माझा हट्ट असतो की हवेची वाट आणि जनावराचा बंदोबस्त एकाच वेळी करायचा. जितकी भोकं हवेला लागतात तितकी पाडा आणि प्रत्येक भोक पक्क्या जाळीनं मढवा.

आधी भोकं कुठे पाडायची ते बघू. गरम, दमट हवा वर जाते, म्हणून तिला वाट छपराच्या लगत, समोरासमोरच्या दोन भिंतींत द्यायची. एका कोंबडीमागे साधारण एक चौरस फूट उघडी जागा धरा. समजा ४ बाय ६ फुटांचं खुराडं आणि ६ कोंबड्या आहेत. दोन्ही लांब भिंतींवर वळचणीखाली ६ फूट लांब, ६ इंच रुंद पट्टी कापली की ६ चौरस फूट होतात. जाळीची तारही थोडी जागा खाते, तेव्हा हात आखडता घेऊ नका. पट्टीची खालची कड दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या निदान फूटभर वर हवी. तेवढी उंची नसेल तर दांडी खाली घ्या. छप्पर दीड फूट तरी पुढे काढा, म्हणजे पावसातही पट्ट्या उघड्या ठेवता येतात.

थंडीत लोक या वरच्या पट्ट्यांवर पोती लावतात. ते नका करू. कोंबडी पिसं फुगवून त्यांत ऊब धरते आणि कोरडी थंडी बऱ्यापैकी निभावते. तिला सोसत नाही ती अंगावर येणारी झुळूक आणि ओल. कडाक्याच्या थंडीत तुरे काळे पडतात, त्यात या ओलीचा मोठा वाटा असतो. वारा डोक्यावरून गेला पाहिजे, अंगाला लागता कामा नये.

उन्हाळ्यात हिशेब उलटा. कोंबडीचं अंग मुळात ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम आणि तिला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, तेवढाच तिचा पंखा. हवा दमट आणि थांबलेली असेल तर धापा टाकूनही अंग निवत नाही. त्यासाठी दांडीच्या उंचीला बिजागरीची झडप असलेल्या खिडक्या ठेवा. उन्हाळ्यात झडपा उघड्या, थंडीत बंद. खिडकीला जाळी मात्र बारा महिने.

काम झालं की कोंबड्या बाहेर असताना एक उदबत्ती हातात धरून आत फिरा, राख खाली अंथरलेल्या तुसात पडू देऊ नका. धूर वर चढून पट्टीतून निघून गेला तर ठीक. कोपऱ्यात घोटाळत राहिला तर तिथे आणखी एक भोक हवं. गादीतलं मूठभर तूस दाबून बघा. मूठ उघडल्यावर भुरभुर सुटलं तर बरं, गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. ते तूस काढून टाका आणि पाण्याचं भांडं गळतंय का ते तपासा.

आता जाळी. दुकानात कोंबड्यांची म्हणून मिळणारी षटकोनी, बारीक तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, एवढंच. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि तिच्या मोठ्या घरांतून उंदीर सहज आत शिरतो. त्याला अंगठा जाईल एवढं भोक पुरतं. घ्यायची ती अर्ध्या इंचाची, जस्ताचा मुलामा असलेली १९ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) वेल्डेड जाळी. ती चौकटीच्या बाहेरच्या अंगानं लावा, म्हणजे जनावरानं ढकललं की ती लाकडावरच दाबली जाते. नुसत्या पिनांवर विसंबू नका, त्या उपटून येतात. दर ५-६ इंचांवर रुंद वायसर घालून स्क्रू मारा आणि कडेवर लाकडी पट्टी बसवा.

उकरणारी जनावरं भिंतीच्या अगदी पायथ्याशी सुरुवात करतात, चार पावलं मागे सरकून नाही. त्यांच्या याच सवयीचा फायदा घ्यायचा. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरा, भिंतीच्या जाळीला तारेनं शिवून टाका, वर माती आणि दगड घाला. गवत उगवलं की जाळी त्यात रुतून बसते. उभी खणून पुरण्यापेक्षा मला ही पद्धत जास्त आवडते, कष्ट कमी आणि गंजली की बदलता येते.

दाराखालची फट उंबरठ्यानं बुजवा. साधी कडी नाक खुपसून किंवा धडका देऊन निघू शकते. तिच्यात खिट्टी घाला किंवा स्प्रिंगचा हुक अडकवा. दांडी जाळीपासून फूटभर आत घ्या. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय बाहेरून ओढला जातो, आणि अंधारात तिला धड दिसत नसल्यानं ती हलतही नाही. दिवसा मोकळ्या आवारावर घारीसाठी वरून जाळं ताणलं की झालं.

रात्री खाद्याचं भांडं उचलून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि अंडी संध्याकाळीच काढा. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप.

शेवटी अंधार पडल्यावर, कोंबड्यांना तात्पुरतं दुसरीकडे ठेवून, आत विजेरी लावा, दार बंद करा आणि बाहेरून चक्कर मारा. जाळीशिवाय जिथून उजेड दिसेल तिथे खडूनं खूण करा आणि सकाळी जाळीचा तुकडा मारा. कोपरे, छपराची पन्हाळी आणि अंड्यांच्या पेटीचं झाकण नीट बघा, उजेड बहुधा तिथूनच फुटतो.

अर्ध्या इंचाच्या जाळीत पिसं, धूळ आणि कोळिष्टकं लवकर अडकतात आणि पट्ट्या उघड्या दिसूनही हवा अडते. महिन्यातून एकदा नाकातोंडाला फडकं बांधून तिच्यावर ताठ केसांचा ब्रश फिरवा. तेव्हाच सैल झालेले स्क्रूही आवळून घ्या.