दिवाळीत कॅन्सर रुग्णाच्या कुटुंबाला मदत करायची असेल तर

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या आवारात फराळाची पाकिटं घेतलेले गट फिरू लागतात. चकली, शेव, कडक शंकरपाळे. केमोनं तोंड आलेल्या माणसाला मऊ भात गिळतानाही जीव नकोसा होतो, आणि हे त्याच्या हातात चकली ठेवून फोटो काढतात. अशांना मला काही सांगायचं नाही. ज्यांचे पैसे खरंच कामी यावेत असं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पैसे जमवण्याचं मी शिकवत नाही. सोसायटी असो, भिशी असो की ऑफिस, हिशेब एकाकडे ठेवा आणि वसुबारसेच्या निदान दोन आठवडे आधी कामाला लागा. लक्ष्मीपूजनाला जाग आली तर सगळी ऑफिसं बंद असतात.

कुटुंब शोधणं

व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो आणि क्यूआर कोड पाहून पैसे पाठवू नका. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, धर्मादाय रुग्णालयांतही समाजसेवा विभाग असतो. ओपीडीची गर्दी ओसरल्यावर, दुपारी जा. कोण अडलंय हे त्यांना नेमकं माहीत असतं. बिलात मदत करायची असेल तर रुग्णाचा नोंदणी क्रमांक घालून थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरा आणि पावती घ्या.

आधी योजना, मग तुमचे पैसे

राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचे बरेचसे उपचार होतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तेही विचारा. मंजुरी येणार असेल तर बिलात पैसे ओतू नका. कागद अडला असेल, म्हणजे उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्डातलं नाव, तर तहसील कचेरीत त्यांच्यासोबत खेटे घालणारा माणूस द्या. पाकिटापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

योजना काय देत नाही? खोलीचं भाडं, रिक्षा, सोबतच्या माणसाचं जेवण, त्याची बुडालेली मजुरी, बाहेरून आणायला सांगितलेली औषधं. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज, कित्येक आठवडे चालतं. बीड-लातूरकडचं कुटुंब तेवढ्यासाठी घरी जाऊन येऊ शकत नाही. त्यांची दिवाळी इथेच, दहा बाय दहाच्या खोलीत. तुमचे पैसे तिथे लागतात.

बोलणं आणि देणं

सगळं अडतं ते इथे. सुरुवातीला मलाही हे जमत नसे. पाकीट पर्समध्ये तसंच घेऊन परत यायचे.

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य विसरा. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘नाही ताई, सगळं ठीक आहे.’ कुणी परक्यापुढे गरजांची यादी वाचत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा. भाडं कुठल्या तारखेला द्यायचं असतं? रेडिएशनला जायला-यायला रिक्षाचे किती होतात? पोरं गावाकडे कुणाजवळ आहेत? असे तीन-चार प्रश्न झाले की आकडा आपोआप समोर येतो, मागितल्यासारखंही होत नाही.

हे रुग्णासमोर कधीही बोलू नका. बायको, भाऊ, मुलगा, जो धावपळ करतोय त्याला बाहेर चहाच्या टपरीवर न्या. एक महत्त्वाचं म्हणजे अनेक घरांत रुग्णाला आजाराचं नाव सांगितलेलंच नसतं. ‘गाठ आहे, ट्रीटमेंट चालू आहे’ एवढंच त्याला माहीत असतं. सांगावं की नाही, हा त्या घराचा प्रश्न. तुमच्या पाकिटावर ‘कॅन्सरग्रस्तांना मदत’ छापलेलं असलं तर तो निर्णय तुम्ही परस्पर घेऊन टाकलात. पाकीट कोरं ठेवा. बॅनर घरी ठेवा. फोटो नाही म्हणजे नाही, ‘फक्त ग्रुपसाठी’ म्हणूनही नाही.

देताना निमित्त सणाचं करा. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा भाऊबीज निधी, म्हणजे ओवाळणी म्हणून मागितलेली देणगी, पुण्याला माहीत आहे. त्या निमित्तानं देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दोघांचाही संकोच जातो. लातूरकडच्या एक बाई नवऱ्याच्या केमोसाठी इथे राहत होत्या. दोनदा ‘नको’ म्हणाल्या. माझ्यासोबतचा मुलगा म्हणाला, ‘आक्का, भाऊबीज आहे, ओवाळणी परत करतात का?’ त्यांनी एक्स-रेच्या मोठ्या प्लॅस्टिक पिशवीतून रिपोर्टची फाईल काढली, आत रेशनकार्डाच्या झेरॉक्समागे पाकीट सरकवलं आणि पिशवीला पुन्हा रबर लावलं. तेवढ्यात काम झालं.

भाडं थेट घरमालकाला द्या, औषधांचे पैसे मेडिकलवाल्याकडे जमा करा, पण थोडी रक्कम रोख द्या आणि तिचा हिशेब मागू नका. ‘भलतीकडे खर्च केले तर?’ असं विचारणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. करू देत. पोराला टिकल्यांची डबी आणि नवा शर्ट आणला तर तोही दिवाळीचाच खर्च आहे.

खायचं न्यायचं असेल तर

केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवडे पांढऱ्या पेशींचं काउंट खाली असतं, म्हणजे जंतुसंसर्ग पटकन होतो. कापलेली फळं, बाहेरचं उघडं खाणं, सर्दी झालेला पाहुणा, काहीच चालत नाही. फराळ न्याच, पण सोबतच्या माणसांसाठी आणि मुलांसाठी. रुग्णाचं डॉक्टरांना विचारून. सुवासिक उटणं आणि उदबत्तीचा गिफ्ट बॉक्स मुळीच नको. त्या वासानंच अनेकांना उमळतं.

पैसे नसतील तर

प्लेटलेट द्या. रक्त गोठवणाऱ्या या पेशी केमोनं कमी होतात आणि बाहेरून चढवाव्या लागतात. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. दिवाळीत कॉलेजांना सुट्टी, रक्तदान शिबिरं थंड, अर्धं पुणं गावी. केमो मात्र सुट्टी घेत नाही. एसडीपी, म्हणजे मशीनवर फक्त प्लेटलेट देणं, तास-दीड तासाचं काम आहे. आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. रक्तपेढीत आत्ताच नाव आणि रक्तगट नोंदवून ठेवा, सणाच्या दिवशी बोलावलं तर येईन असं सांगून.

नंतरचं

केमोच्या पुढच्या सायकलची, म्हणजे फेरीची, तारीख विचारून मोबाईलमध्ये टाका. बऱ्याच औषधांची सायकल 21 दिवसांची असते, म्हणजे पुढचा खर्च तुळशीच्या लग्नाच्या आसपास येतो आणि तोवर मदत करणारे पांगलेले असतात. जमलेल्या पैशांपैकी निम्मे तेव्हासाठी मागे ठेवा.

राहता राहिली करसवलत. कुटुंबाच्या हातात दिलेल्या पैशांवर ती नाही. 80जी, म्हणजे देणगीवर करसवलतीची मान्यता, असलेल्या संस्थेला दिलंत तर मिळते, पण 2,000 रुपयांच्या वरची रक्कम रोख दिली तर नाही, कपडे-धान्यावर नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर अजिबातच नाही.