मॉडिफाय इंजिनची जुनी एटीव्ही घेताना काय बघावं, घेतल्यावर कशी सांभाळावी

जुनी एटीव्ही, म्हणजे मातीत-शेतात चालणारी जाड टायरांची छोटी चारचाकी, बघायला जायच्या आदल्या दिवशीच मालकाला फोन करून सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, ते गार होऊ द्या. गरम इंजिन कुठलंही पटकन चालू होतं, खरी परीक्षा गार इंजिनाची. सुरुवातीला थोडा निळा धूर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्हचं (इंजिनात हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेचं) सील गेलंय. रेस दिल्यावर येतच राहिला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) झिजल्यात.

मॉडिफाय केलेलं इंजिन वाईटच असतं असं नाही. नीट बोअर करून (सिलिंडर आतून मोठा कापून) मापाचा पिस्टन बसवलेलं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. त्रास होतो तो आत काय बदललंय हे नव्या मालकाला ठाऊक नसतं तेव्हा. म्हणून किमतीची गोष्ट काढण्याआधी विचारा आणि वहीत लिहून घ्या: पिस्टन कुठल्या गाडीचा? ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, किती? कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललाय का? कार्बोरेटरात मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) कितव्या नंबरचा? काम कुणी केलं? बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापुरात बोअर करून घेतलं असेल तर बिल मागा, नाहीतर त्या मिस्त्रीशी फोनवर बोला. पिस्टन कुठल्या गाडीचा हेच माहीत नसेल तर उद्या रिंगा मागताना दुकानदाराला काय सांगणार? पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा वाढत्या मापांत मिळतात. सिलिंडर १.०० वर गेला असेल तर पुढच्या खेपेला बहुधा नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) घालावी लागेल. तो खर्च आजच किमतीतून कापून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि आपल्या भागात ती चुकवूच नका. एअर फिल्टर काढा. फिल्टरपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर उत्तम. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या मातीचा रंग त्यावर उतरला तर समजा, इंजिनाने धूळ खाल्लीय. ती धूळ तेलात मिसळून रिंगा आणि सिलिंडर घासत राहते. वरून कितीही चकचकीत केलेलं असो, असं इंजिन उघडावंच लागणार. मॉडिफाय गाडीत हे जास्त दिसतं, कारण मोठा कार्बोरेटर बसवताना फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर लावलेला असतो.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. मिस्त्रीला गेज घेऊन सोबत न्या. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत किका मारा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्हचा. कॅममध्ये डीकॉम्प्रेशनची (किक हलकी करायला दाब सोडण्याची) सोय असेल तर चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो, तेवढं मिस्त्रीला विचारून घ्या. काढलाच आहे तर प्लगही बघा: विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय.

चेसिसवर वेल्डिंगचे ठिगळ, पुढच्या चाकांचा खुळखुळाट, मागच्या ॲक्सलच्या बेअरिंगचा ढिलेपणा, हे बघायला पाच मिनिटं लागतात. ब्रेक मात्र नीट तपासा. ताकद वाढवताना ब्रेक बहुतेक जुनेच ठेवलेले असतात.

कागदांबाबत ढिलाई नको. एटीव्हीत मोटरसायकलचं इंजिन बसवलेलं असेल तर त्या मूळ गाडीचं आरसी, मग ती केए-२२ ची असो, केए-२३ ची वा एमएच-०९ ची, मागा आणि इंजिन नंबर ताडून बघा. नंबरावर ग्राइंडर फिरवल्याची खूण दिसली तर, कितीही स्वस्त मिळत असली तरी, गाडी तिथेच सोडून या. आपल्याकडे बहुतेक एटीव्ही फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी विकल्या जातात, त्यांची नोंदणी नसते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून ती पिकअपमध्ये घालून आणा आणि स्वतःच्या शेतातच चालवा. भीमगड अभयारण्याच्या रानात तर नेऊच नका.

घरी आणल्यावर पहिलं काम तेल बदलण्याचं. क्लच तेलात बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलंच तेल घाला. कारचं तेल घातलं तर क्लचच्या प्लेटा घसरू शकतात. गार इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) तपासा. कॅम बदललेला असेल तर मूळ गाडीच्या पुस्तकातलं माप चालत नाही, कॅमचं माप विचारून घ्यावं लागतं. जेटकडेही लक्ष द्या: हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि आधीच्या कमी इथेनॉलच्या पेट्रोलवर बसवलेलं जेट त्यावर कमी पडू शकतं. चढावर इंजिन तापून दम सोडायला लागलं तर एक नंबर मोठं जेट घालून प्लगचा रंग पुन्हा बघा.

उन्हाळ्यात फोमचा फिल्टर दर वापरानंतर उघडून बघा. मळला असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सुकवा, फिल्टरचं तेल लावून पिळा, मगच बसवा. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. ती सिलिंडरच्या पट्ट्यांत बसून वाळली की हवा लागत नाही आणि इंजिन तापतं. ती काठीने काढा. जेट पंपाचा फवारा बेअरिंगवर मारू नका, सीलमधून पाणी आत जातं. टायरमध्ये हवा फारच कमी, साधारण ३ ते ७ पीएसआय लागते. नेमका आकडा टायरवर किंवा पुस्तकात बघा आणि कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, कारण कारच्या गेजवर एवढा कमी दाब नीट वाचता येत नाही.

पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून सगळं पेट्रोल काढून टाका आणि बॅटरीची मायनस वायर सोडवून ठेवा.