ब्लोअर बंद पडला? मोटर बदलायच्या आधी हे बघा

जुलैचा पाऊस, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ट्रॅफिक आणि त्यात गाडीत एसीची हवा फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, गेला की दोन मिनिटांत पुढची काच आतून धूसर होते आणि समोरची रिक्षा पण दिसेनाशी होते. गरमीचं सोडा, हा सरळ सेफ्टीचा विषय आहे. माझ्या गाडीत एका गॅरेजवाल्याने न तपासता मोटर बदलली, चार दिवसांनी परत बंद, आणि शेवटी सापडलं काय तर वितळलेला कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग), जुनी मोटर चांगलीच होती.

तर आधी नीट ऐका. गाडी शांत जागी लावा, इंजिन बंद, चावी ऑन, आणि ब्लोअर १ पासून ४ पर्यंत एकेक स्पीडवर फिरवा.

१, २, ३ वर काहीच नाही आणि ४ वर एकदम जोरात हवा, असं असेल तर मोटर ठीक आहे, रेझिस्टर (करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग) गेलाय. मॅन्युअल एसीच्या बऱ्याच गाड्यांत कमी स्पीडचा करंट रेझिस्टरमधून जातो आणि फुल स्पीडला तो वगळून डायरेक्ट मोटरला मिळतो, म्हणून शेवटचा स्पीड तेवढा चालतो. हा रेझिस्टर मोटरजवळच हवेच्या मार्गात बसवलेला असतो कारण तो तापतो आणि ब्लोअरचीच हवा त्याला थंड ठेवते, त्यामुळे केबिन फिल्टर धुळीने चोंदला की हवा कमी लागते आणि रेझिस्टर लवकर जळतो. काढताना कपलर जरूर बघा. प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा पिन काळी झालेली असेल तर कपलर पण बदला, नाहीतर नवीन रेझिस्टरचीही तीच गत. आणि रेझिस्टर एकदा बदलून परत जळला तर मग मात्र मोटरवर संशय घ्यायचा, बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) घट्ट झाला की मोटर जास्त करंट ओढते. पंखा हाताने फिरवून बघा, मोकळा फिरायला पाहिजे. ऑटो क्लायमेटच्या गाडीत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, ते गेलं की ब्लोअर एकतर पूर्ण बंद नाहीतर कायम फुल.

सगळ्याच स्पीडला शांत असेल तर पहिले फ्यूज. जळला असेल तर त्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकून काम भागवू नका प्लीज, वायरिंगला आग लागते. नवीन पण लगेच उडला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. फ्यूज ठीक असेल तर रिले (करंटवर चालणारा छोटा स्विच), शेजारी सेम नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. तरी नाही तर ब्लोअर ऑन ठेवून मोटरच्या बॉडीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका, मोटर सहसा डाव्या बाजूला ग्लव्ह बॉक्सच्या मागे असते. ठोकल्यावर फिरायला लागली तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजलेत, त्या मोटरचे दिवस भरत आले. तिथे हात घालताना पिवळ्या कपलरला मात्र अजिबात हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

आता मल्टिमीटर, लॅमिंग्टन रोडला साधा घेतला तरी पुरतो. इथे बरेच जण फसतात, कपलर काढून मोजतात आणि १२ व्होल्ट दिसले की मोटर खराब म्हणून मोकळे होतात. गंजलेल्या पिनमधूनही लोड नसताना १२ दिसतातच! कपलर लावलेला ठेवून, स्पीड ४ वर, कपलरच्या मागून मीटरच्या सुया (प्रोब) घालून मोटरच्या दोन्ही वायरींमध्ये मोजा. एक सुई गाडीच्या लोखंडाला (बॉडी अर्थ) लावून मोजू नका, कारण काही गाड्यांत स्पीडचा कंट्रोल निगेटिव्ह बाजूला असतो. बॅटरीवर १२.५ आणि मोटरवरही जवळपास तेवढेच, तरी फिरत नाही, तर मोटर गेली. मोटरवर ९-१० च असतील तर बाकीचे व्होल्ट कपलर, स्विच, रिले नाहीतर अर्थ खातोय, ते शोधा.

मोटरचा आवाज येतोय पण हवा कमी, हे वेगळं दुखणं आहे. फिल्टर काढून चालवून बघा, हवा वाढली की उत्तर मिळालं. सोसायटीत बरेच दिवस उभ्या गाडीत उंदीर घरटं पण करतात. आणि लांब ड्राइव्हला तासाभराने हवा कमी होते, एसी बंद ठेवला की परत येते, तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय, ब्लोअर निर्दोष आहे.

टकटक आवाज म्हणजे बहुतेक पंख्यात पान अडकलंय, चिरचिर म्हणजे बुश. बदामाच्या झाडाखाली पार्किंग असेल तर मे संपायच्या आत वायपरखालची जाळी साफ करा, पानांनी ड्रेन तुंबला की पावसाचं पाणी थेट ब्लोअरमध्ये उतरू शकतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी मोटर घेणार असाल तर दुकानातच बॅटरीवर फिरवून, आवाज ऐकून घ्या.

सगळं बसवल्यावर ग्लव्ह बॉक्स लगेच लावू नका. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून प्रत्येक स्पीडवर ब्लोअर चालवा, मग बंद करून कपलरला बोट लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर पिन अजून लूज आहे, परत उघडा.