कर्बरॉसचा डेटाबेस रेप्लिकावर नीट कसा पोचवावा

हे सगळं एमआयटी कर्बरॉसबद्दल आहे, म्हणजे नेटवर्कवर तिकिटांनी ओळख पटवणाऱ्या यंत्रणेबद्दल. मुख्य केडीसी (तिकिटं देणारा सर्व्हर) चालू आहे, दुसऱ्या मशीनवर, म्हणजे डेटाबेसची प्रत ठेवणाऱ्या रेप्लिकावर, पॅकेजं टाकलेली आहेत, दोन्हींची घड्याळं एनटीपीने जुळवलेली आहेत, फायरवॉलमध्ये केडीसीचा ८८ आणि रेप्लिकाचा टीसीपी ७५४ पोर्ट उघडा आहे, एवढं मी धरून चालतो.

आधी एक सल्ला खोडून काढतो. "रोज रात्री डेटाबेसची फाइल आरसिंकने उचलून न्या" असं बरेच जण सांगतात. अजिबात करू नका. केऍडमिनडी (डेटाबेसमध्ये बदल करणारा सर्व्हर) तिच्यात लिहीत असताना उचललेली फाइल अर्धवट निघू शकते, आणि ते कळतं मुख्य सर्व्हर बंद पडलेल्या दिवशी. कर्बरॉससोबत केप्रॉप येतं ते याच कामासाठी.

मुख्य मशीनवरच्या क्रब५ आणि केडीसी या दोन्ही कॉन्फ फाइली, केऍडम५ची एसीएल (परवानग्यांची यादी) आणि मास्टर कीची स्टॅश फाइल (डेटाबेस उघडणारी की तिच्यात असते) एससीपीने रेप्लिकावर न्या. स्टॅश फक्त रूटला वाचता यावी. रेप्लिकावर नवा डेटाबेस तयार करण्याची गरज नाही. वेगळा पासवर्ड देऊन तो तयार केलात तर स्टॅशही वेगळी बनते, आणि मग आलेला डेटा तिथला केडीसी उघडू शकत नाही.

आता खरी अडचण: नावं. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक हा भाग दोन ओळींत उरकतात.

केप्रॉप मुख्य मशीनच्या होस्ट प्रिन्सिपलची (कर्बरॉसमधल्या मशीनच्या खात्याची) ओळख घेऊन रेप्लिकाकडे जातं. तिथला केप्रॉपडी, म्हणजे डेटा घेणारा प्रोग्रॅम, ती ओळख स्वतःच्या एसीएल फाइलशी ताडून पाहतो. म्हणजे तीन जागी एकच नाव हवं: कीटॅबमध्ये (मशीनची की ठेवणाऱ्या फाइलमध्ये), एसीएलमध्ये, आणि मशीन डीएनएसला विचारून स्वतःचं जे नाव ठरवतं त्यात. एका जागी 'केडीसी१' आणि दुसरीकडे डोमेनसकट पूर्ण नाव असेल तर काम तिथेच अडतं.

डेबियन आणि उबुंटूत होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव बऱ्याचदा १२७.०.१.१ ला बांधलेलं असतं. ती ओळ काढा आणि खरा आयपी व पूर्ण नाव लिहा. मग दोन्ही मशीनवरून दोन्ही नावं शोधून बघा, आयपीवरून उलटीही. उलटी नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्या. डीएनएस तुमच्या हातात नसेल तरच क्रब५च्या कॉन्फमध्ये आरडीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) बंद करा, आणि तेही दोन्हीकडे. केप्रॉपडीच्या एसीएलमध्ये प्रिन्सिपल रिअल्मसकट (कर्बरॉसच्या क्षेत्राच्या नावासकट) लिहा, आणि प्रत्येक मशीनवर सगळ्या केडीसींची नावं ठेवा. पुढेमागे रेप्लिकालाच मुख्य करायची वेळ आली तर ती तयार असेल.

दुसरा सापळा केटीऍडचा, म्हणजे कीटॅबमध्ये की काढून ठेवणाऱ्या आदेशाचा. केऍडमिनमध्ये (व्यवस्थापनाच्या साधनात) केटीऍड चालवलं की दर वेळी नवी की बनते आणि तिचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढतो. त्यामुळे मुख्य मशीनवर रेप्लिकाची की काढली आणि मग रेप्लिकावर पुन्हा काढली, तर पहिली निकामी होते. प्रत्येक मशीनची की त्याच मशीनवर बसून एकदाच काढा. शंका आली तर केलिस्ट डॅश के मध्ये दिसणारा कीटॅबचा क्रमांक आणि गेटप्रिंकमधला डेटाबेसचा क्रमांक जुळतात का ते पाहा. तरीही अडलं तर रेप्लिकावर केप्रॉपडी डॅश डी देऊन टर्मिनलवर समोरच चालवा. कोणत्या नावाने कोण आलं ते डोळ्यांसमोर दिसतं, लॉग चाळत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नावं जुळली की बाकीचं सोपं. मुख्य मशीनवर केडीबी५ युटिलने डंप (डेटाबेसची प्रत) घ्या आणि केप्रॉपला तो डंप व रेप्लिकाचं नाव द्या. शेवटी 'सक्सीडेड' आलं की रेप्लिकावर केडीसी सुरू करा. केऍडमिनडी मात्र तिथे कधीही चालवू नका. लिहिणारा सर्व्हर एकच असावा.

डंप आणि केप्रॉप ही जोडी क्रॉनमध्ये टाका, म्हणजे ती ठरल्या वेळी आपोआप चालेल. डंप फसला तर केप्रॉप चालू नये, अशीच स्क्रिप्ट लिहा. डेटाबेस मोठा असेल किंवा पासवर्ड सतत बदलत असतील तर आयप्रॉप सुरू करा. त्यात रेप्लिका दर थोड्या वेळाने मुख्य मशीनला विचारून फक्त झालेले बदल आणते. पण पूर्ण प्रत लागली तर आयप्रॉपही केप्रॉपचाच रस्ता धरतं, म्हणून ७५४ बंद करू नका. दोन्हीकडे केप्रॉपलॉग डॅश एच चालवा आणि शेवटचा अनुक्रमांक सारखा आहे का ते बघा.

एक गोष्ट लक्षात असू द्या: चुकीच्या पासवर्डांची मोजणी रेप्लिकांमध्ये जात नाही. पाच चुकांनंतर खातं बंद होण्याचा नियम लावला असेल तर दोन रेप्लिका असताना (मुख्य धरून तीन सर्व्हर) हल्लेखोराला पंधरा संधी मिळतात. मर्यादा ठरवताना हे धरा.

शेवटी खरी चाचणी घ्या. कामाची गर्दी नसताना मुख्य केडीसी बंद करा आणि एखाद्या साध्या क्लायंटवरून केइनिट करा, म्हणजे तिकीट मागा. तिकीट यायला हवं. आलं नाही तर क्लायंटच्या कॉन्फमध्ये किंवा डीएनएसच्या एसआरव्ही नोंदीत (सर्व्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या) रेप्लिकाचं नाव आहे का ते आधी बघा. मुख्य मशीन बंद असेपर्यंत पासवर्ड बदलता येणार नाही, हे हेल्पडेस्कला आधीच सांगून ठेवा.