चिखलात गाडी रुतली? क्रेनवाला येईपर्यंत या चुका टाळा

मागच्या जुलैत नाशिकजवळ पहिन्याला गेलो होतो, रविवार होता, त्र्यंबक-घोटी रोडला दोन्ही बाजूंनी नुसत्या गाड्या, लावायला जागा नाही म्हणून डांबर सोडून गाडी नाकासमोर खाली गवतावर उतरवली. गवत हिरवंगार, पाय ठेवला तर घट्टच वाटलं. कणीस खाऊन, भिजून परत आलो, रिव्हर्स टाकला आणि पुढची चाकं जागेवर गरगर फिरायला लागली. मेहुणा पुढून ढकलत होता, "दे अजून दे, निघतेय" म्हणत होता आणि मी देत होतो. चाक उलटं फिरतंय म्हटल्यावर चिखल पुढेच उडणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पांढरा शर्ट घालून आलेला मेहुणा डोळ्यांपर्यंत लाल झाला तेव्हा मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तोपर्यंत क्लचचा जळका वास सुटला होता आणि गाडीचं पोट जमिनीला टेकलं होतं.

हीच पहिली चूक आणि सगळ्यात महागडी. चाक एकदा जागेवर फिरलं की ते पुढे जात नाही, खाली जातं. दोन वेळा हळूच प्रयत्न करा, स्टेअरिंग सरळ, ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर बंद (ते चालू असलं की चाक घसरताच गाडी स्वतःच पॉवर तोडते आणि तुम्हाला वाटतं इंजिनच मेलं), आणि नाही निघाली तर थांबा. चाकाखाली बारदान, दगडाच्या चिपा, अगदी पायपुसणी घालून बघा. हवा भरायचा पंप डिकीत असेल तर टायरची हवा ३२ वरून २० पर्यंत उतरवली तरी टायर पसरतो आणि पकड मिळते, पण पंप नसेल तर हा उद्योग करू नका, नाहीतर बाहेर निघून पुन्हा अडकाल. पोट टेकलं असेल तर यातलं काहीच चालत नाही, चाकावर वजनच उरत नाही.

आपल्या नाशकात मातीही एका जातीची नाही हे लक्षात घ्या. त्र्यंबक-इगतपुरीकडे भाताची खाचरं, पाणी मुरलेली साइडपट्टी, वरून गवत. निफाड-दिंडोरीकडे काळी माती, ती ओली झाली की फुगते आणि टायरच्या नक्षीत अशी भरते की टायर चोपडा होतो, मग तो नवा असला काय आणि जुना असला काय. आणि गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला उन्हाळ्यात फोटोसाठी गाडी पाण्यापर्यंत नेणारे लोक तर दरवर्षी फसतात, वर भेगाळलेली कोरडी पापडी, खाली सगळा गाळ. त्यात आता २०२७च्या सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदलंय, कडेला टाकलेला ताजा भराव दिसायला रस्त्यासारखाच दिसतो.

दोर कुठे बांधताय?

माझ्यासाठी एक ट्रॅक्टरवाले दादा थांबले. माणूस भला, पैसे मागितले नाहीत, पण घाई होती. नायलॉनचा दोर काढला, गाडीखाली हात घातला आणि हाताला लागला तो मागचा अ‍ॅक्सल, त्याच्या एका टोकाला गाठ मारली. पहिल्या झटक्याला दोर तुटला आणि तुटका शेंडा मेहुण्याच्या कानाजवळून गेला. दुसऱ्या वेळी डबल करून बांधला, गाडी फूटभर तिरकी सरकली आणि खालून "कट्" असा आवाज आला. अ‍ॅक्सल वाकला होता. या अ‍ॅक्सलला अलाइनमेंट करून सरळ करायची सोय नसते, बदलावाच लागला, आणि क्रेनचे जे पैसे वाचवायला गेलो त्याच्या कितीतरी पट गॅरेजला मोजले.

बहुतेक गाड्यांत टूलकिटमध्ये, स्टेपनीजवळ, एक लोखंडी टो हुक असतो. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण उघडायचं आणि तो आत फिरवून बसवायचा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर घट्ट होतो, लोक उजवीकडे फिरवत बसतात आणि म्हणतात बसतच नाही. पाना घालून शेवटपर्यंत आवळा, अर्धवट बसलेला हुक झटक्याला गोळीसारखा सुटतो. आणि हा हुक मुळात बंद पडलेली गाडी सरळ रस्त्यावर हळू ओढायला दिलेला आहे, पोटापर्यंत रुतलेली गाडी तिरकी उपसायला नाही. ट्रेलर लावायचा गोळा असतो काही एसयूव्हींना, त्याला तर दोर चुकूनही अडकवू नका, तो तुटून उडाल्याने माणसं मेली आहेत.

ओढताना कुणी व्हिडिओ काढायला जवळ उभं राहत असेल तर हाकला त्याला. दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, आणि दोराच्या रेषेत तर अजिबात नाही. दोरावर मधोमध ओलं बारदान किंवा जाड सतरंजी टाकायची, म्हणजे तुटलाच तर तो जमिनीवर पडतो.

फोनवर नुसतं "गाडी फसलीय" सांगू नका

शेवटी मी रिकव्हरीवाल्याला फोन लावला, त्याने पहिलं विचारलं, "रस्त्यापासून किती फूट आणि तोंड कुठे?" मला वाटलं काय चौकश्या करतोय. पण त्याच्यावरच ठरतं काय आणायचं ते. कंपनीच्या टोल फ्री नंबरवरून येते ती गाडी बहुतेक वेळा फ्लॅटबेड (गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक) असते, ती डांबर सोडत नाही, आणि बऱ्याच रोड साइड असिस्टन्सच्या अटींमध्ये रस्त्याबाहेर रुतलेली गाडी काढणं धरलेलंच नसतं. दोन तास वाट बघून ड्रायव्हर लांबूनच म्हणतो, "साहेब, इथून नाही जमणार." म्हणून आधीच विचारा: विंच (वायर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र) आहे का, वायर किती मीटर पोचेल, का हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, लागेल. चारही चाकांचे फोटो आणि रस्त्यावरून गाडीकडे बघत एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाका. ऑटोमॅटिक आहे, इलेक्ट्रिक आहे, फोर व्हील ड्राइव्ह आहे, जे असेल ते सांगा, कारण अशी गाडी चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढत नेली तर गिअरबॉक्स किंवा मोटर जाते, ती फ्लॅटबेडवरच न्यायची असते. हरिहर किल्ल्याच्या पायथ्याला निरगुडपाड्याकडे मला तरी नेटवर्क कधी धड मिळालेलं नाही, तेव्हा गाडीपाशी पिन सेव्ह करून ठेवा, रेंजमध्ये येऊन पाठवा, आणि मेन रोडवरून कुठे वळायचं त्याची दुसरी पिन द्या. नॅशनल हायवेवर असाल, कसारा घाट वगैरे, तर हायवेची हेल्पलाइन १०३३ लावा. कुणाला लागलं असेल तर आधी ११२, गाडी नंतर.

पैशाचं बोलणं फोनवरच करून घ्या. बाहेर काढण्याचे वेगळे आणि गॅरेजपर्यंत नेण्याचे वेगळे असतात, जाऊन-येऊन किलोमीटर धरणार का, रात्रीचे जास्त का, टोल कोण देणार, हे सगळं. गाडी हुकवर चढल्यावर भाव करायला गेलात की तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. आणि अपघात होऊन गाडी खाली गेली असेल तर हलवण्याआधी फोटो काढा आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा.

तर तो माणूस आला. मला वाटलं आता विंच लावेल आणि ओढेल, पण त्याने आधी पहार घेऊन गाडीभोवती जमीन टोचून पाहिली, मग फावडं काढलं आणि वीस मिनिटं नुसता खणत बसला, चाकांच्या मागे उतार करून, पोटाखालचा चिखल ओढून. मी म्हटलं, "भाऊ, अंधार पडेल." म्हणाला, "दादा, चिखलाने धरलीय ना तिला, आधी त्याला सोडायला लावू." मग फळ्या सरकवल्या, पुली लावली (पुलीतून वायर फिरवून परत आणली की विंचचा जोर जवळपास डबल होतो, वेग निम्मा) आणि गाडी आवाज न करता, झटका न देता वर आली. खणणारा माणूस दिसला की तो कामाचा आहे समजा. आल्या आल्या साखळी फेकून क्लच सोडणाऱ्याला हात जोडा.

गाडीत पाणी शिरलं असेल तर चावीला हात नको

हे गोदाघाटावर पार्किंग करणाऱ्यांसाठी पण. दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीच्या पात्रातली मूर्ती, तिच्यावरून पूर मोजतात) कमरेला पाणी लागल्याच्या बातम्या बघूनही लोक गाड्या ठेवतात, ते असो. गाडी बोनेटपर्यंत पाण्यात होती तर "बघू तरी चालू होते का" हा मोह टाळा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दबत नाही, पिस्टन आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि उचलूनच गॅरेजला न्या. साध्या पॉलिसीत असं इंजिन साधारणपणे धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं, रिन्यूअलच्या वेळी पाचशे-हजार वाचवायला आपण तेच काढून टाकतो.

आणि गाडी निघाली म्हणून लगेच सुसाट निघू नका. ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा, खाली वाकून ऑइल गळतंय का बघा, टायरची हवा बघा. तुमचं चाक ६०च्या पुढे थडथडायला लागलं तर अलाइनमेंटच्या आधी रिमची आतली बाजू धुवून घ्या. माझं तर अ‍ॅक्सल बदलल्यावरही थडथडत होतं, मी गॅरेजवाल्याशी भांडायलाच गेलो होतो, त्याने चाक खोललं आणि आतून पहिन्याचा वाळलेला चिखल निघाला, घमेलंभर.